खारा-सीरची गोठलेली जमीन

४ नोव्हेंबर

हिवाळ्याची पाळी या वर्षी माझ्याकडे आली. मार्फा पेत्रोव्ना, आमच्या प्रमुख, काल याकुत्स्कला परतल्या. आता वसंतापर्यंत जमिनीचं तापमान नोंदवणाऱ्या या स्टेशनवर मी आणि राखणदार पोदिस्त आजोबा. नदी गोठली की तिचाच रस्ता होतो, त्यामुळे खारा-सीर गाव बर्फगाडीने अर्ध्या तासावर आलं आहे.

आजोबा माझे कोणी नाहीत. सगळं गाव त्यांना आजोबा म्हणतं म्हणून मीही म्हणते. पूर्ण नाव अनेम्पोदिस्त. मी गावच्या शाळेत होते तेव्हाही स्टेशन तेच सांभाळायचे.

आज पहिलं मोठं हिम पडलं. मी बाहेर येईपर्यंत त्यांनी बोअरभोवतीचं सगळं अंगण कुंपणापर्यंत झाडून काढलं होतं, खालचं तपकिरी गवत दिसेल इतकं. मी म्हटलं, एवढं कशाला, पाय टाकण्यापुरती वाट पुरे. ते म्हणाले, “पोरी, ज्याच्या दारात बर्फ साचतो त्याच्या घरात कुणी मेलंय असं समजतात.”

बोअरच्या खोल भोकात टांगलेले तापमानाचे सेन्सर सगळे चालू आहेत. दहा मीटर खोलीवर जमीन उणे ६.८. गेल्या वर्षीही तेवढीच होती, त्याच्या आधीही.

१९ नोव्हेंबर

अक्सिन्या मावशीकडे जाऊन आले. तिनेच मला वाढवलं. आईबद्दल इथे लिहिण्याची गरज नाही.

मावशीचं घर काठावरचं शेवटचं. उन्हाळ्यात तिची न्हाणी नदीत गेली. आता घर आणि कडा यांच्यामध्ये फक्त तळघर उरलं आहे. मी पोचले तेव्हा ती तळघरावरचं हिम फावड्याने काढत होती. झाकण उघडं टाकलं होतं. हे इथे प्रत्येक घरी करतात: हिवाळाभर तळघर उघडं ठेवायचं, वर हिमाची गोधडी साचू द्यायची नाही, थंडी आत मुरू द्यायची आणि वसंतात झाकण लावायचं. मग उन्हाळाभर मासे आणि मांस दगडासारखं राहतं. निदान राहायचं. सप्टेंबरात तिला अर्धे मासे कुत्र्यांना घालावे लागले. मी शिडीवरून उतरून पाहिलं. खालच्या ओंडक्यांवर पाणी ओघळून पुन्हा गोठलेलं आहे.

“तुमची बोअर काय म्हणते?” तिने विचारलं. मी आकडा सांगितला.

“मग माझं तळघरच खोटारडं,” ती म्हणाली, आणि सोलायला मासा माझ्या हातात दिला.

मी समजावलं की तळघर ही खणलेली, रोज उघडझाप होणारी जागा आहे, त्यावरून जमिनीचं तापमान ठरत नाही. रेडिओवरच्या बातम्या ऐकावं तसं तिने ऐकलं.

सरकारचा आयोग पुढच्या महिन्यात येतो आहे. जमीन खचते आहे हे सिद्ध झालं, तर सगळं गाव सरकारी खर्चाने वरच्या पठारावर हलवतील. नाही झालं, तर नाही. या भागात लांब मुदतीची नोंद फक्त आमच्या बोअरची आहे.

१२ डिसेंबर

शाळेच्या मोठ्या वर्गात सभा झाली. आयोगाच्या लोकांना चुलीजवळ बसवलं होतं. गावकरी एकेक करून उठले. कुणाचं दार लागत नाही, कुणाच्या घराखालून वारा वाहतो, दवाखान्याच्या पायऱ्या जागेवर आहेत आणि जमीन खाली गेली आहे. आयोगाच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग मोजमाप कुठे आहे असं विचारलं. सगळे माझ्याकडे वळले.

मी आकडे वाचले. चाळीस वर्षांचा आलेख, सुरुवातीची काही वर्षं सोडली तर, जवळजवळ सपाट. मी हेही सांगितलं की ही एका जागेची नोंद आहे, गावाखाली स्वतंत्र बोअर असायला हवी होती. ते कुणी टिपून घेतलं नाही. प्रश्न तो नव्हता.

मावशी उठली. “माझ्या तळघरात पाणी आहे, हिच्या कागदात नाही. आता आम्ही राहायचं कुठे ते तुम्हीच सांगा साहेब, तळघरात की कागदात?”

लोक हसले. आयोगाच्या बाईसुद्धा हसल्या. मावशीने ते माझ्याकडे बघून म्हटलं नव्हतं असं मला वाटतं, पण खात्री नाही.

निघताना तिने घोड्याच्या चरबीचं पुडकं माझ्या पिशवीत कोंबलं. म्हणाली, जास्तीचं होतं. तिच्या घरात जास्तीचं काही नसतं. कुठेतरी तिचा अंदाज चुकला असावा.

३ जानेवारी

उणे एक्कावन्न. अशा हवेत जनरेटर सुरू होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. आजोबा बोलतात.

आज त्यांनी धिरडी केली. पहिलं धिरडं नेहमीप्रमाणे चुलीत टाकलं. तिला घास दिल्याशिवाय ते स्वतः खात नाहीत आणि मलाही खाऊ देत नाहीत. खाताना जमिनीविषयी बोलत होते. “जमीन म्हातारी झालीय. म्हाताऱ्याला गोधडीत गुंडाळला की तो घामेजतो, नासतो. उघडा ठेवला की टणक राहतो. माझ्याकडे बघ.” त्यांच्या अंगात तेव्हा दोन स्वेटर होते आणि पायात नमद्याचे, दाबलेल्या जाड लोकरीचे बूट.

मग विचारलं, गाव हलणार का? मी म्हटलं, आकड्यांवरून तरी हलवतील असं दिसत नाही. ते खूश झाले. त्यांची बायको वार्वारा इथल्या टेकाडावर पुरली आहे, तिला टाकून कुठे जायचं, असं म्हणाले. “म्हणजे आपलं काम बरं चाललंय.” मी हो म्हटलं. काम बरं चाललंच आहे. एकही दिवस नोंद चुकलेली नाही.

नंतर म्हणाले की माझ्यासारख्या मुलीशी लग्न करायला माणूस थर्मामीटर असायला हवा. मी म्हटलं, चालेल, निदान एका वेळी एकच गोष्ट सांगेल.

२१ जानेवारी

आजोबा सकाळी अंगणात पडले. खराटा हातात होता. डावी बाजू लुळी, तोंड वाकडं. मी त्यांना स्लेजवर बांधून गावात नेलं. परिचारिकेने सांगितलं की या थंडीत विमान उतरणार नाही. त्यांना ठेवायचं कुठे यावर कुणी काही बोलण्याआधी मावशीने तिच्या पलंगावरची उशी झटकली.

मी संध्याकाळपूर्वी परतले. नोंदीची वेळ होती.

९ फेब्रुवारी

एकटी आहे. काम तेच, फक्त चहा एका माणसाचा करायचा. दोनदा दोघांचा केला आणि टाकून दिला.

बरंच हिम पडलं. मी अंगण झाडलेलं नाही. बोअरपर्यंत एकाच रेषेत जाते आणि त्याच पावलांवरून परत येते. निरीक्षणाच्या जागेवरचा थर विस्कटायचा नसतो, हा नियमच आहे. आजोबांचं मन मोडू नये म्हणून इतकी वर्षं कुणी त्यांना सांगितलं नसेल. अंगण आता पुस्तकात असतं तसं दिसतं.

आयोगासाठी अंतिम तक्ता आज सही करून पाठवला.

११ मार्च

निकाल आला. खारा-सीरखालची जमीन स्थिर आहे, स्थलांतराला आधार नाही.

मावशीला मीच जाऊन सांगितलं. ती आजोबांना चमच्याने सूप भरवत होती, ते थांबवलं नाही. आजोबांच्या उजव्या डोळ्यात पाणी आलं. त्यांना आनंद झाला होता. मावशी म्हणाली, “झालं मग. आता कड्यालाही एक प्रत पाठवा.”

आणखी एक. दोन मीटरवरच्या सेन्सरचा आकडा या वर्षी उतरायला तयार नाही. मार्चमध्ये तिथे उणे सतराच्या आसपास असतं. सध्या उणे नऊ आहे. सेन्सर बिघडला असावा.

२६ मार्च

सेन्सर बिघडलेला नाही. बर्फ आणि पाण्याच्या बादलीत बुडवून शून्य तपासलं, बरोबर आलं. नोंदयंत्र बदललं, तारा बदलल्या. एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर, सगळीकडे जमीन नेहमीपेक्षा उबदार आहे. पण हिवाळा तर नेहमीपेक्षा कडक होता.

इतक्या वर्षांत असं एकदाही झालेलं नाही. या वर्षी काय वेगळं झालं याचा विचार करते आहे. उपकरणांत तरी काही वेगळं नाही.

७ एप्रिल

हे व्यवस्थित लिहायला हवं.

दुपारी मावशीकडे गेले. आजोबांना आता थोडं बोलता येतं, पण शब्द लोळतात. मावशी उशाशी बसून अर्धे शब्द मला उलगडून सांगत होती. त्यांनी पहिलंच विचारलं, “अंगण झाडतेस ना?”

मी म्हटलं, आजोबा, तिथला बर्फ हलवायचा नसतो.

ते म्हणाले, “अगं, मग ती तापेल.”

कोण, असं मी विचारलं नाही, कारण विचारण्याआधीच मला कळलं होतं. तरीही त्यांनी सांगितलं. ते नोकरीला लागले त्या वर्षी शहरातले शास्त्रज्ञ काळजीत होते. बोअरमधली जमीन हवी तेवढी थंड नाही, दरवर्षी तापते आहे, असं जेवताना बोलायचे, घरात आजारी माणूस असल्यासारखं. आजोबांनी विचार केला, हे यांचं तळघरच आहे, फक्त अरुंद. तळघर कसं सांभाळायचं हे यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही. तेव्हापासून एकही हिमवर्षाव त्यांनी तिथे साचू दिला नाही. दोन-तीन वर्षांत आकडा सुधारला. शास्त्रज्ञांच्या तोंडावरची काळजी गेली. त्यांना बरं वाटलं.

“तुमचं तळघर होतं ते,” आजोबा म्हणाले. “मी सांभाळलं.”

मी म्हटलं, “हो आजोबा. छान सांभाळलंत.”

मावशीने त्यांचं तोंड पुसलं. ती माझ्याकडे बघत होती की नाही, हे मी पाहिलं नाही.

हिम काढलं की हिवाळ्याची थंडी थेट जमिनीत उतरते आणि जमीन आजूबाजूपेक्षा कितीतरी गार होते. हे मी विद्यापीठाच्या परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. लहानपणापासून दर हिवाळ्यात मावशीला हेच करताना पाहिलं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या.

९ एप्रिल

अनुमानावर काही पाठवता येत नाही. कुंपणापलीकडे, लार्चच्या झाडांत, जिथे कधी कुणी झाडलेलं नाही, तिथे मोटरच्या गिरमिटाने तीन भोकं पाडली, जेवढं खोल जाता आलं तेवढी. तीनही भोकांत तापमान उणे दोनच्या आसपास. अंगणात तेवढ्याच खोलीवर, यंदा हिम साचूनही, उणे सहाच्या खाली. झाडलेली जागा संपते तिथेच थंड जमीन संपते. गावाखाली अशी झाडलेली जागा नाही.

म्हणजे मावशीचं तळघर खरं बोलत होतं.

१० एप्रिल

मार्फा पेत्रोव्नांना उपग्रह फोन लावला. सगळं क्रमाने सांगितलं. 

“मी हिवाळ्यात कितीदा आले असेन तिथे,” त्या म्हणाल्या. “दर वेळी अंगण स्वच्छ असायचं. मला वाटायचं, मी येणार म्हणून झाडलंय.”

त्यांचा पहिला मोठा लेख याच बोअरवर होता, आणि शेवटचाही.  त्या म्हणाल्या, हे पाठवलं तर सगळी नोंद बाद होईल आणि स्टेशन बंद पडेल. न पाठवलं तर निकाल आहे तसाच राहील. मला काय वाटतं ते विचारलं. मी म्हटलं, पाठवायला हवं. त्या म्हणाल्या, “मग पाठव. पण त्या म्हाताऱ्याचं नाव कुठेही घालू नकोस. माझं घाल, सगळ्यात वर.”

रात्रीपर्यंत अहवाल लिहून झाला. कारणाच्या जागी ‘निरीक्षण-स्थळाची अयोग्य देखभाल’ असं लिहिलं. देखभाल हा शब्द बराच वेळ तसाच बघत बसले.

२८ मे

नदीवरचा बर्फ फुटला. दोन दिवस नुसता गडगडाट.

उत्तर आलं. जुनी नोंद अग्राह्य ठरली आहे. त्यामुळे जमीन स्थिर असल्याचा पुरावा आता उरलेला नाही, आणि ती वितळत असल्याचा पुरावाही नाही. एका मोसमातल्या तीन भोकांवरून निष्कर्ष काढता येत नाही. किमान पाच वर्षांची नवी नोंद सादर झाल्यावर प्रकरण पुन्हा उघडेल. आणि ज्या स्टेशनकडे ग्राह्य नोंद नाही त्याला सप्टेंबरपासून निधी नाही.

तर्कात चूक नाही. मी दोनदा वाचून तपासला.

१४ जून

आजोबा गेले. अकरा तारखेला सकाळी, मावशी दूध काढायला गेली असताना. गाव हलणार नाही या समाधानातच गेले. मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. सांगण्याने कुठलाही आकडा बदलणार नव्हता.

आज वार्वाराच्या शेजारी पुरलं. माणसं नेहमीप्रमाणे गाडीभर लाकडं घेऊन आली होती. इथे कबर खणायची म्हणजे आधी आग पेटवून जमीन सैल करावी लागते, जूनमध्येसुद्धा. एक दिवस तरी जातो. आज फावडं सरळ खाली गेलं. खणणारे थांबले, एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा खणू लागले. कमरेइतकं खणल्यावर पाणी लागलं. ते बादलीने उपसलं, पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं. कुणीतरी बाजूला थोडी लाकडं पेटवली. गरज नव्हती, पण शेकोटीशिवाय पुरणं कुणाला बरं दिसेना. उरलेली लाकडं परत नेली.

शवपेटी खाली सोडली तेव्हा पाण्याचा आवाज आला.

स्टेशनवर आल्यावर मी अंगण झाडलं. जून आहे, हिम नाही, पाचोळा होता. असं का केलं याची नोंद करता येत नाही.

२ जुलै

काल तिसऱ्या प्रहरी मावशीचं तळघर नदीत गेलं. मी तिथेच होते. आधी गवतात एक चीर पडली, कात्रीने कापल्यासारखी सरळ. मग काठाचा तो तुकडा न मोडता, सावकाश, जागेवरच बसावा तसा खाली गेला. उघड्या पडलेल्या कड्यात बर्फाची निळसर भिंत दिसली. जमिनीतल्या त्या बर्फावरच गाव उभं आहे. भिंतीतून पाणी ठिबकत होतं.

घर आता अगदी काठावर आहे. आम्ही सामान शाळेत हलवलं. ती कढया बांधत होती, मी पुस्तकं.

“त्या दिवशी त्याच्या उशाशी मीच बसले होते,” ती म्हणाली. “माझ्या तोंडूनच तू ते ऐकलंस. मला काय समजत नाही का? तू येऊन सांगशील म्हणून वाट बघत राहिले.”

मी म्हटलं, त्याच आठवड्यात मी अहवाल पाठवला होता.

“मला नाही पाठवलास.”

 मी पुस्तकांची दोरी आवळली. ती आली आणि गाठीवर बोट धरलं, मी लहान असताना धरायची तसं, म्हणजे गाठ सुटू नये. मग कढयांकडे गेली.

२० ऑगस्ट

सेन्सर काढून पेटीत भरले. बोअरच्या तोंडावर झाकण बसवलं. बोट परवा येईल.

गावातली काही घरं स्वतःच वर सरकायचं ठरवून बसली आहेत. सगळी नाहीत. ज्यांना ओंडके उचलायला माणसं आहेत तेवढीच. ओंडक्यांवर खुणा करून घर उतरवायचं आणि वरच्या पठारावर तसंच पुन्हा रचायचं. मावशीचं घर पहिलं, कारण त्याला वेळ नाही. कुणीतरी सुचवलं की स्टेशनच्या अंगणातली जमीन तर थंड आहे ना, तिथेच बांधा. मी सांगितलं, तिथे जेमतेम एक घर मावेल आणि वर चूल पेटली की तीही जमीन चार-पाच वर्षांत इतरांसारखी होईल.

आज सकाळी सगळे पठारावर जमले. दोन गाड्या ओंडके आले होते. मी आठवडाभर तिथे गिरमिटाने भोकं पाडते आहे. प्रत्येक ठिकाणी हातभर माती आणि खाली बर्फ. कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. हे मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

“बरं. कुठे मग?” मावशीने विचारलं.

“मला माहीत नाही.”

“माहीत इथे कुणालाच नाही. तू निदान तसं सांगतेस तरी. दाखव.”

मी चालत गेले. जिथे लार्चची झाडं अजून सरळ उभी आहेत तिथे थांबले. झाडं सरळ असणं म्हणजे जमीन अजून हलली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढचं त्यात काही नाही. मी खुंटी ठोकली. माणसांनी लगेच पहिली गाडी मोकळी करायला घेतली. मावशी दोरी धरून चूल कुठे येईल ते मापू लागली आणि दोरीचं दुसरं टोक तिने माझ्या हातात दिलं.

या जागेला किती वर्षं मिळतील ते मी मनात काढून ठेवलं होतं. फार नाहीत. कुणी विचारलं तर सांगणार होते. कुणी विचारलं नाही. मागून शेजाऱ्याने दुसरी खुंटी मागितली.